घरच्यांची टोपली

रुसो उतरला की आमच्या डोंगरात सकाळ होत नाही, नुसता काळोख पांढरा होतो. खालून रिओहून येणारी माणसं त्याला धुकं म्हणतात. धुकं उन्हाला भितं. रुसो जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, एकदा येऊन बसला की घरजावयासारखा हलत नाही. कपाटातले कपडे दमट, मिठाचा गोळा, काडीपेटी निकामी. आणि राजवाड्यातल्या सपाता ओलसर. या शेवटच्या गोष्टीची चिंता साऱ्या गावात एकट्या दोना जुरेमाला होती.

साडेसातला ती मागच्या दारानं आत यायची. डोक्याचा रुमाल सोडायची, थर्मासातली कॉफी दोन पेल्यांत ओतायची, एक आपल्याला, एक जमीन घोटणाऱ्या जांदिरला. मग टोपल्या ओढत देवडीत आणायची. ब्राझीलचा बादशहा गेला, त्याचं राज्य गेलं, राजवाड्याचं संग्रहालय झालं, पण जमिनीचा थाट तसाच आहे. दोन रंगांच्या लाकडाची, नक्षीची, आरशासारखी. तिला बुटाचा तळ लागू द्यायचा नाही. आलेल्या प्रत्येकानं बुटासकट पाय नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या सपातेत खुपसायचा आणि पाय न उचलता घासत घासत फिरायचं. राष्ट्राध्यक्ष येवो की पाववाला.

तर सपाता. दोन हातांत दोन घेऊन एकमेकींवर आपटायच्या, फाट फाट. धूळ उडाली की बोथट सुरीनं तळाला चिकटलेलं मेण खरवडायचं. मग ब्रश. शेवटी तळावर अंगठा दाबायचा. अंगठा आत रुतला तर सपात चांगली. खालची सुतळी अंगठ्याला लागली तर झिजली, आता ती घासणार नाही, घसरणार. बावीस वर्षांत जुरेमाच्या अंगठ्यानं कधी चूक केली नव्हती. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशीही नाही.

झिजलेल्या सपाता पोत्यात भरून नवा तळ घालायला जायच्या. पण ते पोतं कार्निव्हलच्या आधी गेलं ते परत आलंच नव्हतं. नमदा मिळत नाही म्हणे. माणसं मात्र येतच होती. मग जुरेमानं आपल्या डोक्यानं एक सोय केली. दोन टोपल्या केल्या. एक पाहुण्यांची, एक घरच्यांची. चांगल्या सपाता पाहुण्यांना, कारण बाहेरचा माणूस लाकडी जमिनीवर कोंबडीसारखा पाय उचलून चालतो. झिजलेल्या गावच्यांना. गावचं पोर सातव्या वर्षी शाळेच्या सहलीला या जमिनीवर घसरायला शिकतं ते मरेपर्यंत विसरत नाही.

"आपल्या माणसाला केळाच्या सालीवर उभा कर, हलायचा नाही," असं ती जांदिरला म्हणायची.

जांदिर हसायचा. तो मिनासकडचा, पन्नाशीचा, बोलायला सावकाश आणि कामाला त्याहून सावकाश. "मला न्हाई म्हाईत बाई. आमच्या गावाला समदी मातीच."

दोन टोपल्या कर असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. करू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

बाईला मानानं दोना म्हणायचं, पुरुषाला सेऊ; तसा हा सेऊ अर्लिंदो दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी यायचा. एकोणऐंशी वर्षांचा सुतार, डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच. तरुणपणी संगीताच्या खोलीतली जमीन उसवून पुन्हा घातली तेव्हा तो त्या टोळीत होता. पुढं त्यानं घरं बांधली, दुकानं सजवली. ती सगळी कुणी ना कुणी पाडली. ही जमीन तेवढी उरली. म्हणून तो महिन्यातून एकदा तिच्यावरून चालून यायचा, कुणी लेकीच्या घरी जाऊन यावं तसा.

जूनच्या त्या बुधवारी साव पावलोहून दोन बसगाड्या यायच्या होत्या. जुरेमानं पाहुण्यांची टोपली मोजून भरून ठेवली होती. बसगाड्या घाटात रुसोत अडकल्या आणि त्यांच्या आधी सेऊ अर्लिंदो आला.

"काय गं जुरेमा, अजून हाकलली नाही का तुला?"

"तुम्ही असेपर्यंत कसे हाकलतील? तुमचा पाय कोण ओळखेल?"

"बेचाळीस."

"बूट बेचाळीस. पाय एकोणचाळीसच. मधली जागा मोज्यांची."

म्हातारा बाकावर बसला, टोपी मांडीवर ठेवली. घरच्यांच्या टोपलीतला जोड तिनं त्याच्यापुढं ठेवला तेव्हा त्यानं तो उलटा करून बघितला. सुताराची नजर. "आज चांगला दे की एखादा. गुडघा कुरकुरतोय या गारठ्यात."

चांगले जोड हाताच्या अंतरावर होते. ब्याण्णव. जुरेमा हसली. "अहो, जमीन तुम्हीच घातलीत. अनवाणी गेलात तरी ती ओळख देईल तुम्हाला."

सेऊ अर्लिंदोही हसला. पाय सपातांत घातले आणि घासत घासत गेला.

पडल्याचा आवाज मोठा नव्हता. ओल्या धुण्याचा पिळा दगडावर टाकावा एवढाच. त्याच्या मागोमाग दोर लावलेला पितळी खांब कोसळला, तो मात्र साऱ्या राजवाड्यात घुमला. जुरेमा उठली नाही. तिचा हात एका सपातेत होता, तो तसाच राहिला. आवाज कुठल्या खोलीतून आला हे तिला कळलं होतं.

मांडीचं हाड मोडलं होतं. त्याला उचलून नेताना देवडीत पहारेकऱ्यानं त्याच्या पायांतल्या सपाता ओढून काढल्या आणि टोपलीत टाकल्या. "ठेव. आपल्या आहेत."

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. ओठ पांढरे. गाडी गेली. जुरेमानं तो जोड उचलला, अंगठा दाबला. सुतळी. तिला ती सकाळीच लागली होती. आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून तिनं जोड आपल्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली सारला.

दुपारी इमारतीची देखभाल बघणाऱ्या एलोइझाबाईंनी दोघांना बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांना वर उत्तर द्यायचं होतं.

"जांदिर, सकाळी त्या खोलीत मेण किती लावलंस?"

"रोजच्यावानीच, बाईसाहेब." मग त्यानं आपल्या तळहातांकडं पाहिलं. "पन हात जड पडला आसंल. थंडीत मेन बसत न्हाई लवकर. म्या अजून येकदा घोटायला पायजे व्हतं."

"म्हणजे जास्त झालं?"

"झालं आसंल. दुसरं काय कारन आसनार?"

एलोइझाबाई जुरेमाकडं वळल्या. "आणि सपाता? तपासल्या होत्या?"

"तपासल्या होत्या," जुरेमा म्हणाली.

शब्दानं खोटं नव्हतं. त्याच रात्रीपासून ती या वाक्याकडं परत परत जाऊ लागली, जीभ किडक्या दाताकडं जाते तशी. तपासल्या होत्या. हो, तपासल्या होत्या की.

जांदिरच्या हातातलं घोटायचं मशीन काढून घेतलं आणि त्याला अंगणात पाला झाडायला लावलं. चौकशी होईपर्यंत, असं म्हणाले. एकोणीस वर्षं तो जमिनीच्या कामावर होता. तरी सकाळी तो कॉफीला येतच राहिला. बाहेरच उभा राहायचा, बुटांना चिखल म्हणून. दारातून हात आत घालून पेला घ्यायचा.

"म्हातारा माज्यामुळं पडला, जुरेमा."

"असं नको म्हणूस रे."

"न्हाई, तू भली हाईस म्हनून म्हनतीस."

त्या दिवसापासून तिला आपलीच कॉफी कडू लागायला लागली. तिनं साखर वाढवली. उपयोग झाला नाही.

पहिल्या रविवारी ती इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेली. हातात मक्याचा केक होता. जूनच्या जत्रेसाठी करतात तसा, वर बडीशेप घातलेला. फाटकाशी उभं राहून तिनं केकवरचं फडकं तीनदा नीट केलं आणि परत आली. केक शेजाऱ्यांच्या पोरांनी खाल्ला. चांगला झाला होता म्हणाली पोरं.

दुसऱ्या रविवारी सेऊ अर्लिंदो घरी आल्याचं कळलं. आता न जाणं म्हणजे गावाला सांगण्यासारखंच होतं. तिनं नवा केक केला. चढ चढून त्याच्या दारात पोहोचली, आल्याची वर्दी द्यायला टाळी वाजवली, तर दार उघडलं जांदिरनं. बाह्या वर, गुडघ्यांना पोतं बांधलेलं, हातात काचेचा तुकडा.

"तू इथं?"

"येतो मी रोज, सुटल्यावर. ये आत. बाजूबाजूनं ये."

म्हाताऱ्याच्या घरातली जमीनही लाकडी होती, त्यानंच घातलेली. चाळीस वर्षांचं मेण तिच्यावर चढलेलं. जांदिर ते मेण काचेनं खरवडून काढत होता, खाटेपासून संडासापर्यंतचा एक पट्टा, म्हाताऱ्याला कुबडी घेऊन चालता यावं म्हणून. पट्टा अर्धा झाला होता. लाकूड तिथं कोरडं, पिवळट, सोललेल्या गुडघ्यासारखं दिसत होतं.

"बघ याला," सेऊ अर्लिंदो खाटेवरून म्हणाला. "जन्मभर मेण लावलं, आता खरवडतोय. मी म्हटलं गोधडी टाक नुसती. ऐकत नाही. मिनासचा रेडा."

"गोधडी सरकंल, सेऊ अर्लिंदो."

"सरकू दे. या वयात सगळंच सरकतंय."

जुरेमानं केक ठेवला. बसली. इकडचं तिकडचं झालं: इस्पितळातली काळ्या घेवड्याची आमटी कशी पाणचट होती, डॉक्टर कसा मिशा न फुटलेला होता. सगळा वेळ काच लाकडावर खर्र खर्र चालली होती. जुरेमाला वाटलं, आत्ता म्हणावं. एकच वाक्य. तोंड उघडलं की तोंडात मक्याचा कोरडा चुरा भरल्यासारखं होई.

"एक काम कर माझं," सेऊ अर्लिंदो म्हणाला. "पडलो तेव्हा पट्ट्याचं बकल जमिनीवर घासलं. मी आवाज ऐकला. खिडकीपासून नक्षीतला तिसरा तारा, काळ्या लाकडाचा. ओरखडा आहे का बघून ये. या लोकांना विचारलं तर म्हणतात काळजी करू नका. म्हणजे आहे."

"मी आत जात नाही हो. माझं काम दारात."

"बावीस वर्षं दारात आहेस आणि आत गेली नाहीस?"

"पहिल्या वर्षी गेले होते."

"मग आता जा. पाहुणी म्हणून जा. पाहुणीला कोण अडवतो?"

ती उठली. काचेनं खरवडलेल्या पट्ट्यावरून दारापर्यंत आली. पाय जराही सरकला नाही.

"आणि जुरेमा," मागून आवाज आला, "चांगली सपात घालून जा."

तिनं वळून पाहिलं. म्हातारा केकवरची बडीशेप बोटानं टिपून खात होता. थट्टा होती की नव्हती, तोंडावरून कळेना.

सोमवारी राजवाडा बंद असतो. पहारेकरी ओळखीचा, आत सोडलं. देवडीत दिवे नव्हते. ती सकाळी जिथं पाहुण्यांना बसवते त्याच बाकावर बसली, पिशवीतून तो जोड काढला आणि बुटांवर चढवला. बारा दिवस तो तिच्या घरी गॅसच्या टाकीमागं होता. कांद्याचा वास लागला होता त्याला.

पहिल्या दालनात तिला काही वाटलं नाही. तीही गावचीच. घासत, न उचलता. जेवणाच्या खोलीत टेबल मांडून ठेवलेलं होतं, ताटं, पेले, घडी घातलेले रुमाल, बसायला कुणी नाही. तिथं वळणावर टाच सुटली. तिनं दोर धरला. बादशहाचा मुकुट ठेवलेल्या काचेपुढं ती थांबली नाही. पुढच्या बोळात दोन्ही पाय एकदम निघाले, भिंतीला खांदा लागला म्हणून वाचली. काचेवर चालल्यासारखं होतं ते. आणि तिचं वय एकसष्ट, गुडघे शाबूत. एकोणऐंशीव्या वर्षी, कुरकुरत्या गुडघ्यानं हा माणूस इथवर आला कसा? गावचा माणूस म्हणून आला. सपात बदलून द्या असं परत येऊन म्हणायला त्याला लाज वाटली असेल. एकदा मागितली होती, तिनं हसून घालवली होती.

संगीताच्या खोलीत खिडक्या रुसोनं पांढऱ्या झाल्या होत्या. ती खाली बसली आणि बसूनच सरकत तिसऱ्या ताऱ्यापाशी गेली. ओरखडा होता. बोटभर. मग तिनं जे करायला आली नव्हती ते केलं. जमिनीवर अंगठा दाबला, दाबून ओढला, उजेडात धरला. मेणाचा माग नाही. दुसऱ्या ताऱ्यावर दाबला. चौथ्यावर. त्या बुधवारनंतर ही खोली कुणी घोटली नव्हती, दोर लावून बंद ठेवली होती. अंगठा कोरडाच निघाला. जांदिरचा हात जड पडला नव्हता. रोजच्यासारखा, बिनचूक पडला होता.

ती सपाता काढून हातात घेऊन, मोज्यांवर, एलोइझाबाईंच्या खोलीत गेली. बाई सोमवारीही येतात, कागद उरकायला.

"या त्यांच्या पायांत होत्या," तिनं जोड टेबलावर ठेवला. "मी दिल्या."

"तुम्ही म्हणालात तपासल्या होत्या, दोना जुरेमा."

"तपासल्याच होत्या. झिजलेल्या आहेत हे कळून दिल्या. चांगल्या बाजूला होत्या. त्यांनी मागितली होती चांगली."

एलोइझाबाईंनी चष्मा काढला. "का हो?"

"पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या. घरचा माणूस पडत नाही असं वाटायचं."

बाईंनी एक सपात उलटी करून तळ पाहिला. मग म्हणाल्या, "आणि जांदिर बारा दिवस पाला झाडतोय."

"हो."

"हे लिहून द्यावं लागेल."

जुरेमानं लिहून दिलं. तिचं अक्षर मोठं, शाळकरी. अर्धं पानसुद्धा भरलं नाही. त्याचं वाईट वाटलं तिला, बारा दिवसांचं ओझं आणि सहा ओळी. पुढं काय करायचं ते वरचे ठरवतील, तोवर सपातांचं काम करा, असं बाई म्हणाल्या. पण दुसरी टोपली आजच्या आज कुलपात.

जांदिर मागच्या अंगणात फणसाखाली ढीग करत होता. ती समोर जाऊन उभी राहिली आणि सांगितलं. एका दमात. तिला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्यानं झाडणीच्या दांड्यावर हात टेकले आणि ओल्या पाल्याकडं बघत राहिला.

"तू रोज माजी कॉफी वतत व्हतीस," तो म्हणाला.

"हो."

"साखर बी जास्त घालायलीस. मला वाटलं, माजं दुक बघून घालती."

जुरेमानं डोक्याच्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"म्हाताऱ्याला सांगितलंस?"

"आता जाते."

"त्येला ठावं हाय. पैल्याच दिशी म्हनला मला, पोरा, तुजं मेन नव्हतं ते, पायातलं व्हतं. मला वाटलं, माजी समजूत घालतोय. म्या त्येच्यावरच वराडलो, मला खोटं बोलून बरं करू नगा म्हनून." त्यानं झाडणी उचलली. "बाजूला व्हय. पाला हाय तुज्या पायाखाली."

ती बाजूला झाली.

संध्याकाळी ती पुन्हा चढ चढली. आज केक नव्हता. सेऊ अर्लिंदो एकटाच होता, उशीला टेकून.

"ओरखडा आहे," ती दारातूनच म्हणाली. "बोटभर."

"काळ्यात की पिवळ्यात?"

"काळ्यात."

"मग भरता येईल. काळ्यात दिसत नाही. मेण आणि काजळी, नीट घोटून." त्यानं डोळे मिटले. "आणखी काय?"

तिनं सांगितलं. त्यानं डोळे उघडले नाहीत.

"मी चांगली मागितली होती तुझ्याकडं."

"हो."

"तू हसलीस. मीही हसलो." त्यानं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "बारा दिवस मी वाट बघतोय जुरेमा, ही कधी येते. काल केक घेऊन आलीस. मी म्हटलं, झालं, आता बोलेल. तू मला डॉक्टरच्या मिशांबद्दल विचारलंस."

जुरेमा उभीच होती. खरवडलेला पट्टा तिच्या पायाशी येऊन थांबला होता, अजून हातभर राहिला होता.

"जा आता," तो म्हणाला. रागानं नाही. "पाय ठणकतोय. आणि दार लोटून घे, रुसो आत येतोय."

तिनं दार लोटून घेतलं.

मंगळवारी साडेसातला ती मागच्या दारानं आत आली. रुसो तसाच. रुमाल सोडला. दोन पेल्यांत कॉफी ओतली, साखर पूर्वीएवढी. जांदिरला मशीन परत मिळालं होतं. तो मशीन ढकलत देवडीतून गेला, "दिवस बरा जावो" म्हणाला, जसं पहारेकऱ्याला म्हणतात तसं. पेल्याकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं संगीताच्या खोलीतून घुर्र घुर्र ऐकू यायला लागलं.

कॉफीवर साय धरली. जुरेमानं एकुलती एक टोपली पुढं ओढली. आज माणसांना बाहेर रांगेत थांबावं लागणार होतं, जोड कमी होते. तिनं दोन सपाता हातांत घेतल्या आणि एकमेकींवर आपटल्या, फाट फाट. सुरीनं मेण खरवडलं. ब्रश फिरवला. मग तळ वर करून अंगठा दाबला. रुतला. तरी तिनं दुसऱ्यांदा दाबून पाहिला आणि पुढचा जोड उचलला.